सतरा आणि अठराच्या मधे

पोझनानला रात्रीचे साडेअकरा.
नळीत छहात्तर अक्षरांचा आरएनए,
यीस्टमधून काढलेला, एकपदरी.
एकपदरी म्हणजे मोकळा, असं कुणी समजू नये.
तो स्वतःवरच वळतो.
ए-ला यू सापडतो, जी-ला सी,
जोडीदार सापडला तिथे वेणी घट्ट,
नाही सापडला तिथे फुगवटा, सैल वेटोळं.

त्यात मी एक थेंब सोडते.
शिशाची साखर. जुन्यांनी नाव बरोबर ठेवलं होतं,
ती गोडच लागते म्हणतात.
मी चाखलेली नाही. एरिकने चाखली असावी,
खिडकीच्या चौकटीवरचा लाल पोपडा
नखाने सोलता सोलता.

शिसं, क्रमांक ब्याऐंशी.
ओरखडा काढता येईल इतकं मऊ.
कापलं की निळसर चकाकतं
आणि बघता बघता विझून जातं.
तीनशे सत्तावीस अंशांना वितळतं,
हे मला शाळेत जायच्या आधी ठाऊक होतं,
कारण बाबा, अलोयझ, भट्टीवर होते.
कारखाना त्यांना रोज अर्धा लिटर दूध द्यायचा,
शिशावर उतारा म्हणून.
ते तसंच झाकून घरी आणायचे. आम्हांला.

संत आंद्रेयच्या रात्री
किल्लीच्या भोकातून आई पाण्यात मेण ओतायची.
बाबा म्हणायचे, मेण कसलं,
आणि खिशातून तुकडा काढायचे.
थिजलेला गोळा दिव्यासमोर धरायचा,
भिंतीवरची सावली ओळखायची:
होडी. बूट. त्रुदाचा नवरा.
एरिकची कशीही धरली तरी कोंबडाच.

पुढच्या हिवाळ्यात सगळ्या वर्गाचं रक्त घेतलं.
डॉक्टरबाई आईला म्हणाल्या,
हाडाला वाटतं कॅल्शियम आलं,
ते दार उघडतं.
एरिकला डोंगरातल्या दवाखान्यात नेलं,
शिरेतून ईडीटीए दिलं.
परत आला तेव्हा सात वर्षांचा होता
आणि स्वतःच्या नावातलं के उलटं काढत होता.

दहा मिनिटं झाली.
थांबवायला ईडीटीए, कपाटात डावीकडे,
जवळजवळ तीच पांढरी पूड.
खेकड्यासारखी शिशाला धरते, सोडत नाही.
तोवर जे तुटायचं ते तुटलेलं असतं.

सकाळी फिल्म धुतली.
आरएनएच्या साखरेला एक जादा हात असतो,
डीएनएला नसतो तो.
शिसं त्या हाताचा एक प्रोटॉन तेवढा काढून घेतं.
बाकीचं हातच करतो:
शेजारच्या फॉस्फेटवर उलटतो,
आपलाच कणा मोडतो.

वेण्यांना धक्का नाही.
सैल जागी इथे तिथे फिकट रेघा.
आणि एक पट्टा काळाकुट्ट,
सतरा आणि अठराच्या मधे.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं,
इथे हा दुबळा असणार.
उलट आहे. दोन लांबची वेटोळी इथे
एकमेकांना येऊन भिडतात,
त्यातून एक खळगा होतो, नेमका शिशाच्या मापाचा.
घडी चुकलेली असेल तर हा पट्टा उमटतच नाही.
म्हणून तर आम्ही हे करतो.
वहीत लिहायचं वाक्य एवढंच:
तुटला, म्हणजे आकार बरोबर होता.

लिहिलं. मग पेन्सिल तशीच हातात.
आमच्या भाषेत तिलाही शिशाचंच नाव,
आणि तिच्यात शिसं कधी नव्हतंच,
नुसता कर्ब, कोळशाचा भाऊबंद.

एरिक आता पन्नाशी ओलांडलेला.
बाबांची कबुतरं त्याच्याकडे आहेत.
रविवारी फोन कानाला लावूनच मोजतो,
सतरापर्यंत येतो, थांबतो,
पुन्हा एकपासून.
मी आकड्यांचा मेळ घालत नाही.
कबुतरं वीस आहेत, ती हलतात, कुणाचंही चुकेल.
मी सांगत नाही त्याला.
नाश्ता झाला का विचारते,
तो म्हणतो, थांब, त्रुदा,
मोजतोय.